कमी वाजवणारा बँड: ‘यंग मार्बल जायंट्स’ ऐकायचा कसा?

‘निर्वाणा’ या अमेरिकन रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन याने आपल्या आवडत्या ५० अल्बमची यादी स्वतःच्या हाताने वहीत लिहून ठेवली होती. त्याच्या मृत्यूनंतर, २००२ साली, त्याच्या वह्या पुस्तकरूपात आल्या आणि ती यादी जगभर पोचली. नव्याने रॉक ऐकू लागलेली मुलं आजही ती समोर ठेवून एकेक अल्बम ऐकत जातात. यादीच्या अगदी वर ‘स्टूजेस’ आणि ‘पिक्सीज’ आहेत, म्हणजे गिटारच्या तारांतून ठिणग्या काढणारे लोक. आणि मग त्याच यादीत एक नाव येतं, ‘कोलोसल यूथ’. बँड ‘यंग मार्बल जायंट्स’.

तो लावला की बहुतेकांचा गोंधळ उडतो. घड्याळासारखी बारीक टिकटिक. दाबून धरलेली गिटार. एक बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार. आणि शेजारच्या खोलीत कुणी काम करता करता गुणगुणावं तशी गाणारी एक बाई. ड्रम वाजवणारं कुणी नाही. गाणं कुठे चढत नाही, कुठे फुटत नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हेडफोनची एक बाजू बंद पडली आहे असं वाटून वायर हलवून पाहिली होती. वायर ठीक होती. बँड तेवढंच वाजवत होता.

हा बँड माझ्या अत्यंत जिव्हाळ्याचा आहे आणि तो ऐकणाऱ्यांच्या हातून का निसटतो, हेही मला समजतं. म्हणून अगदी पहिल्यापासून सांगतो.

आधी पंक, मग पोस्ट-पंक

१९७६-७७च्या सुमाराला ब्रिटनमध्ये पंक आलं. तोवर रॉक संगीत बरंच बोजड झालं होतं. लांबलचक वादन, महागडी वाद्यं, आणि वाजवणारे व ऐकणारे यांच्यात मोठं अंतर. पंकवाल्यांनी सांगितलं की दोन-तीन कॉर्ड येत असतील, म्हणजे तीनेक स्वर एकदम छेडण्याच्या दोन-तीन पद्धती हाताला बसल्या असतील, तर बँड काढा. शिकून तयार होण्याची वाट बघू नका. कुलूप लावलेल्या घराचं दार लाथेने उघडावं तसा हा प्रकार होता.

दार तर उघडलं, पण घरात शिरल्यावर करायचं काय? पंकचा सगळ्यात गाजलेला बँड ‘सेक्स पिस्टल्स’ जानेवारी १९७८ मध्येच फुटला, म्हणजे आरडाओरडा करायला मिळालेला काळ तसा थोडाच होता. त्यानंतर ज्यांनी ते घर आपापल्या परीने लावायला घेतलं, त्या सगळ्यांना मिळून पोस्ट-पंक म्हणतात. त्यामुळे पोस्ट-पंक नावाचा एकच एक आवाज सापडत नाही. पिस्टल्सचाच गायक जॉन लायडन ‘पब्लिक इमेज लिमिटेड’मध्ये जमैकन संगीतासारखी जडशीळ बास घेऊन आला. मँचेस्टरच्या ‘जॉय डिव्हिजन’ने अंधार निवडला. ‘स्लिट्स’च्या मुलींनी ताल हवा तसा वाकवला. प्रत्येकाने काहीतरी नवं सामान आणून मांडलं.

‘यंग मार्बल जायंट्स’ने होतं ते सामान बाहेर काढलं. म्हणून “इतकं मऊ संगीत पंकच्या घरातलं कसं?” या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे. पंकची मुभाच त्यांनी वापरली, फक्त ती न वाजवण्यासाठी वापरली. सगळे आवाज चढवत असताना खाली ठेवायलाही तेवढंच धाडस लागतं.

‘इंडी’ हा आधी व्यवहार होता

आज ‘इंडी’ म्हटलं की एका प्रकारची गिटार आणि एका प्रकारचा हळवेपणा डोळ्यांसमोर येतो. मूळ अर्थ अगदी कोरडा आहे. इंडी म्हणजे इंडिपेंडंट. रेकॉर्ड काढण्यासाठी आणि दुकानांपर्यंत पोचवण्यासाठी मोठ्या कंपन्यांवर अवलंबून नसलेलं.

जानेवारी १९७७ मध्ये ‘बझकॉक्स’ या बँडने ५०० पौंड उसने घेऊन स्वतःची रेकॉर्ड स्वतःच काढली. ते बघून इतरांना कळलं की हे आपल्यालाही जमण्यासारखं आहे. ‘स्क्रिटी पोलिटी’ने तर १९७८ साली आपल्या पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर खर्चाचा हिशेबच छापला. गाणी ऐका आणि रेकॉर्ड कशी काढायची तेही शिका, असा तो निरोप होता. पश्चिम लंडनमध्ये १९७६ साली जेफ ट्रॅव्हिसने ‘रफ ट्रेड’ नावाचं रेकॉर्डचं दुकान काढलं होतं. दोन वर्षांत त्याची रेकॉर्ड कंपनी झाली. खर्च वजा जाता जो नफा उरेल तो निम्मा बँडचा, निम्मा कंपनीचा, असा तिथला करार असे. जानेवारी १९८० मध्ये ब्रिटनमध्ये अशा स्वतंत्र रेकॉर्डच्या विक्रीची वेगळी साप्ताहिक क्रमवारीही सुरू झाली.

पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी १९८० मध्ये, रफ ट्रेडने ‘कोलोसल यूथ’ बाजारात आणला. हा सगळा व्यवहार एवढ्यासाठी सांगितला की त्याच्याशिवाय हा अल्बम असा निघालाच नसता. एखाद्या मोठ्या कंपनीतल्या माणसाने ही गाणी ऐकली असती, तर “छान आहे, आता यात ड्रम घाला” हे त्याचं पहिलं वाक्य असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कार्डिफची तीन माणसं

बँड कार्डिफचा, वेल्समधल्या बंदराच्या शहरातला. १९७८ साली तो सुरू झाला. त्याच वर्षी तिथला ईस्ट मूर्सचा पोलादाचा कारखाना बंद पडला आणि हजारो लोकांचं काम गेलं. स्टुअर्ट मॉक्सहॅम गिटार आणि ऑर्गन वाजवायचा आणि बहुतेक गाणी त्याची. त्याचा भाऊ फिलिप बासवर. गायला ॲलिसन स्टॅटन. मॉक्सहॅम बंधूंचा एक नात्यातला भाऊ, पीटर जॉइस, इलेक्ट्रॉनिक्समधला जाणकार होता. तालाचे आवाज यंत्रातून काढायचे, कॅसेटवर भरायचे आणि कार्यक्रमात ती कॅसेट लावून तिच्यासोबत वाजवायचं, ही रीत त्याच्या मदतीने बसली.

नावाची गोष्ट मला फार आवडते. प्राचीन ग्रीक शिल्पांवरच्या एका पुस्तकात संगमरवरातल्या तरुणांच्या मोठ्या मूर्तींचं वर्णन होतं. हात अंगालगत, एक पाऊल किंचित पुढे, चेहरा शांत. ‘संगमरवरी तरुण राक्षस’ हे बँडचं नाव आणि ‘प्रचंड तारुण्य’ हे अल्बमचं नाव, दोन्ही तिथूनच आली. ते संगीत ऐकलं की ही नावं किती नेमकी आहेत ते कळतं. हालचाल जवळजवळ नाही, आणि तरी पाऊल पुढे पडलेलं.

१९७९ साली कार्डिफमधल्या बँडांच्या एका एकत्रित रेकॉर्डवर त्यांची दोन गाणी आली, ती रफ ट्रेडच्या कानावर पडली आणि बोलावणं आलं. वेल्सच्याच ग्रामीण भागातल्या ‘फोएल’ नावाच्या स्टुडिओत पाच दिवसांत सगळं ध्वनिमुद्रण उरकलं. १५ तुकडे, चाळीस मिनिटांच्या आत.

नेमकं वाजतं काय?

आता खरा मुद्दा. इतकं कमी वाजूनही ते अपुरं का वाटत नाही?

रात्री सगळे झोपल्यावर नळातून गळणारा थेंब ऐकू येतो. तो दिवसाही गळतच असतो, पण दिवसा त्याच्यावर इतर आवाजांचं पांघरूण असतं. मोठा आवाज त्याच्या आसपासच्या पट्टीतले लहान आवाज झाकून टाकतो, कानाची रचनाच तशी आहे. रॉक बँडमध्ये हे पांघरूण मुख्यतः झांजा घालतात. ड्रमच्या संचातल्या पितळी थाळ्यांचा आवाज वरच्या पट्टीत इतका पसरतो की गाणाऱ्याचा श्वास, तारेला लागलेली नखी, बोटांचं सरकणं, सगळं त्याखाली बुडतं. या अल्बममध्ये तशा झांजा वाजत नाहीत, त्यामुळे वरची सगळी जागा मोकळी राहते. एरवी ज्यांना आपण आवाज म्हणून मोजतही नाही, त्या गोष्टी तिथे ऐकू येतात.

स्टुअर्टची गिटार समजून घ्यायला एक रबरबँड पुरेल. दोन बोटांत ताणा आणि छेडा, तो गुणगुणत राहील. आता दुसऱ्या बोटाची कड त्याला अगदी टोकाजवळ हलकेच टेकवून छेडा. स्वर तोच राहतो, पण ‘टुंग’चं ‘टक’ होतं. गिटारवर हेच काम तळहाताच्या कडेने करतात. अशा वाजवण्यात प्रत्येक स्वर जन्मतो आणि लगेच विझतो. गिटार मग सूर धरण्याऐवजी ताल मोजू लागते, ड्रमचं अर्धं काम तीच करते.

रिकाम्या राहिलेल्या जागेत फिलिपची बास चालते. एरवी बास म्हणजे पाया, खाली राहून सगळ्यांना धरून ठेवणारी. इथे ती उठून पुढे येते आणि पुष्कळदा चाल तीच सांगते. मोठी चादर दोघांनी घडी घालताना एक पुढे येतो, दुसरा मागे सरतो, कुणी कुणाला काही सांगत नाही, आणि कोपरे जुळतात. या दोन भावांचं वाजवणं तसं आहे. दोघे एकाच क्षणी फार क्वचित बोलतात. ‘ब्रँड न्यू लाइफ’ या गाण्यात गिटार बंद करून बघा असं म्हणता आलं असतं तर म्हटलं असतं, कारण गिटार काढली तर उरलेलं गाणं अर्धं न राहता वेगळंच काहीतरी होईल. इतकं ते एकमेकांत विणलेलं आहे.

आणि ती टिकटिक. ड्रम मशीन म्हणजे ठरवून दिलेला ठेका न थकता वाजवणारं यंत्र. माणूस ड्रम वाजवत असेल तर गायिकेचा आवाज दाटला की तो हात आवरतो, गाणं रंगलं की जोर वाढवतो. यंत्राला त्यातलं काही कळत नाही. ॲलिसन काहीही गात असो, त्याची मात्रा तेवढीच, जोर तेवढाच. घरात कितीही मोठी गोष्ट घडली तरी भिंतीवरचं घड्याळ चालत राहतं, ते त्या वेळी जसं जाणवतं तसं हे जाणवतं.

“हे तर कुणीही वाजवेल”

एकेक भाग सुटा काढला तर होय, बरेचसे भाग सहा महिने गिटार शिकलेल्या मुलालाही वाजवता येतील. ते एकत्र वाजवून बघितलं की अडचण कळते. दाट संगीतात एखादा स्वर केसभर आधी पडला तर गर्दीत खपून जातो. इथे लपायला जागा नाही. पांढऱ्या कापडावर पडलेल्या डागासारखी प्रत्येक चूक दिसते. शिवाय वाजवता येत असताना न वाजवणं ही शिस्त हाताला सहजी लागत नाही. हात आपोआप जागा भरायला धावतो.

“ती नीट गात का नाही?”

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप हा. ॲलिसनच्या आवाजात कंप नाही, हरकती नाहीत, दम दाखवणं नाही. ती स्वरावर सरळ जाते आणि शब्द सांगून उतरते.

पण शब्द काय आहेत ते बघा. फसलेली प्रेमं, संपलेली नाती, आपण जगाच्या हिशेबात कुठेच नाही अशी जाणीव. वाईट बातमी कुणी रडत सांगितली तर आपण आधी सांगणाऱ्याला सावरायला धावतो. तीच कुणी संथपणे, एकेक शब्द सांभाळत सांगितली की बातमी थेट आत जाते. ॲलिसन भावना दाखवत नाही, त्यामुळे ती वाटण्याचं काम ऐकणाऱ्याकडे येतं.

याचा सर्वांत मोठा पुरावा अल्बमवर नाही. तो आहे त्याच वर्षी निघालेलं ‘फायनल डे’ हे गाणं. त्याचा काळ आठवायला हवा. डिसेंबर १९७९ मध्ये नाटोने पश्चिम युरोपात अमेरिकेची नवी अण्वस्त्रं ठेवायचं ठरवलं. १९८० मध्ये ब्रिटिश सरकारने अणुहल्ल्यात जीव कसा वाचवावा याची पुस्तिका लोकांसाठी विक्रीला आणली. घरातली दारं काढून भिंतीला तिरकी टेकवा, त्यावर मातीच्या पिशव्या रचा आणि आत बसून राहा, असे सल्ले त्यात होते. ‘फायनल डे’ म्हणजे त्या हल्ल्याचा, जगाचा शेवटचा दिवस. गाणं दोन मिनिटांचंही नाही. त्यात एक बारीक, टोचणारा स्वर सारखा वाजत राहतो, लांबवर कुठेतरी यंत्र चालू राहिल्यासारखा. आणि ॲलिसन ते सगळं हवामानाचा अंदाज वाचावा तशा आवाजात सांगते. ती ओरडली असती तर आपण एक निषेधगीत ऐकलं असतं. बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन पील हे गाणं लावत असे. ऑगस्ट १९८० मध्ये बँडने त्याच्या कार्यक्रमासाठी खास वादनही केलं.

“एकच अल्बम, मग एवढं कौतुक कशाला?”

अमेरिकेचा दौरा झाला आणि १९८० संपता संपता बँडही संपला. १९८१ साली ‘टेस्टकार्ड’ नावाची एक छोटी रेकॉर्ड आली, सगळी वाद्यसंगीताची. टीव्हीवर कार्यक्रम नसताना स्थिर चित्र दाखवत आणि त्यामागे हलकंफुलकं संगीत लावून ठेवत, त्याला ही मानवंदना. कुणी लक्ष देऊन ऐकू नये म्हणूनच वाजवलेल्या संगीताकडे या माणसांनी लक्ष दिलं होतं, हे मला त्यांच्या स्वभावाबद्दल खूप सांगून जातं. पुढे स्टुअर्टने ‘द जिस्ट’ हा बँड काढला, ॲलिसन ‘वीकेंड’ या बँडमध्ये गायली.

एका अल्बमवर एवढं नाव कशाला, हा प्रश्न खरं तर उलटा विचारायला हवा. इतका चांगला अल्बम असून नाव एवढंच का? मला कारणं अगदी साधी वाटतात. त्यांचं कुठलंही गाणं मुख्य क्रमवारीत गाजलं नाही. गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारं एमटीव्ही चॅनल ऑगस्ट १९८१ मध्ये सुरू झालं, तोवर बँड उरलाच नव्हता. त्यांच्या मागे सांगण्यासारखी शोकांतिका नाही, भांडणाच्या दंतकथा नाहीत. संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांना अशा गोष्टी लागतात. आणि शांत संगीत गर्दीत हरतंच. समारंभात, गाडीत, आपोआप पुढे सरकणाऱ्या याद्यांमध्ये, आधीचं गाणं दणक्यात संपलं की हे सुरू झाल्याचं कळतही नाही.

“मग याचा परिणाम कुणावर झाला?”

१९९४ साली कोर्टनी लव्हच्या ‘होल’ या बँडने ‘कोलोसल यूथ’मधलं ‘क्रेडिट इन द स्ट्रेट वर्ल्ड’ हे गाणं आपल्या अल्बमवर घेतलं, पूर्ण ताकदीनिशी, किंचाळत. दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ ऐकाव्यात असं मी आग्रहाने सांगेन. घराचा सांगाडा आधी बघावा आणि मग त्यावर चढवलेल्या भिंती बघाव्यात, तसं होतं. एवढ्या भिंती पेलणारा सांगाडा काडीकाडीचा नव्हता, हे तेव्हा उमगतं. स्टुअर्टचं ‘द जिस्ट’मधलं एक गाणं एतिएन दाओ या गायकाने फ्रेंचमध्ये नेलं आणि ते फ्रान्समध्ये लोकप्रिय झालं. ‘बेल अँड सबॅस्टियन’ या बँडने ‘फायनल डे’ गायलं.

२००७ साली वेल्समधल्या हे-ऑन-वाय इथल्या महोत्सवात बँड पुन्हा एकत्र आला. २०१५ मध्ये ज्याचे कलाकार संगीतकार डेव्हिड बर्नने निवडले होते त्या ‘मेल्टडाउन’ महोत्सवात तो लंडनमध्ये वाजला. २०२०मध्ये, ४० वर्षं झाली तेव्हा, अल्बम पुन्हा नव्याने निघाला.

कुठून सुरुवात करावी

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. एवढ्याशा स्पीकरला खालचे स्वर झेपत नाहीत, बास जवळजवळ नाहीशी होते आणि मग खरोखरच काही उरत नाही. साधे हेडफोन चालतील. आवाज वाढवण्यापेक्षा खोली शांत करा.

सगळ्यात आधी ‘ब्रँड न्यू लाइफ’ लावा, कारण त्यात वेग आहे आणि दोन भावांची वीण लगेच कानात बसते. ते दोनदा ऐका, दुसऱ्यांदा फक्त बासच्या मागे जा. मग ‘सॅलड डेज’, जे इतकं हलकं आहे की फुंकर मारली तर उडेल. ‘फायनल डे’ दिवसा ऐका. त्यानंतर पूर्ण अल्बम क्रमाने, न थांबता. शेवटी ‘विंड इन द रिगिंग’ येतं, म्हणजे जहाजाच्या दोरखंडांतून शिरलेला वारा. ॲलिसन तोवर गाऊन निघून गेलेली असते. बंदराच्या गावातली माणसं फक्त वाजवत राहतात, आणि मग तेही थांबतं.